करंगळी न जाणारी जाळी

माझ्या मुलीच्या पायाला उंदीर चावला तो भर दुपारी. ती पाच महिन्यांची होती. मी तिच्या झोळीपासून चार हातांवर रहाट घेऊन कांड्या भरत होते, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळत होते. आमचे हे जेवून बाहेर कट्ट्यावर पान लावत बसले होते, त्यामुळे माग बंद होता. माग चालू असता तर त्या खडखडाटात उंदीर आला नसता, असं नंतर मला शंभरदा वाटलं. पोरीनं किंकाळी फोडली. मी धावले तर झोळीची दोरी अजून हलत होती आणि अंगठ्यातून रक्त येत होतं.

तीस सालानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. आमचं घर सोलापूरच्या पूर्वभागात विणकरांच्या वस्तीत, माळवदाचं, दोन खणांचं. पुढच्या खणात खड्ड्याचा माग. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय कमरेएवढ्या खड्ड्यात सोडतो आणि तळाशी असलेल्या पट्ट्या पायांनी दाबत विणतो. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, सासूला मी अत्तम्मा म्हणायची. पण माझी शाळा झाली ती मराठीत, चौथीपर्यंत, आणि लिहिता येतं ते तेवढंच, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथं मराठीतच लिहिते आहे. माहेर माझं दुधनीचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. कापड मी गठ्ठ्यांनी पाहिलं होतं, विणताना कधी पाहिलं नव्हतं.

उंदीर आमच्याकडे काही नवे नव्हते. ताण्याला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या सुताला, ज्वारीच्या पिठाची खळ लावायची, त्या खळीच्या वासावर ते यायचे आणि सूत कुरतडायचे. वस्तीत कुणाकडे नव्हते? शिवाय आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्याची ज्वारीची पोती. पण सूत कुरतडणं वेगळं आणि पोरीचा अंगठा वेगळा. त्यात उंदीर म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट आठवायची. माझे सासरे प्लेगात गेले होते. हे तेव्हा बारा वर्षांचे. तेव्हा घरात उंदीर मरून पडला की माणसं घर सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहायची. तशाच एका झोपडीत सासरे गेले.

डॉक्टरांनी जखम धुऊन दिली आणि ताप येतो का बघा म्हणाले. मग मी दुसरं काही बघितलंच नाही. कांडी भरता भरता उठायची, पोरीच्या मानेला हात लावायची, परत बसायची, सूत तुटायचं, परत उठायची. अत्तम्मा म्हणाल्या, सारखा हात लावून तूच तिला तापवशील. मला राग आला. त्या काळात मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि खरं सांगायचं तर तो राग होता म्हणून मी उभी होते.

ताप आला नाही. चौथ्या दिवशी मी ह्यांना बजावलं की घराला सगळीकडून तारेची जाळी बसवा. नाही बसवली तर मी पोरीला घेऊन दुधनीला जाते आणि घर उंदरांपासून बंद झाल्याचा निरोप आल्याशिवाय परत येत नाही. हे मवाळ माणूस. बरं म्हणाले आणि त्याच दिवशी बाजारातून जाळी घेऊन आले. मी तिच्यातून अंगठा घालून दाखवला. खुराड्याला लावायची जाळी होती ती! दुसऱ्या दिवशी पोरीला काखेत मारून मीच ह्यांच्याबरोबर गेले. दुकानदारानं तीन-चार प्रकार पुढ्यात टाकले. मी प्रत्येकीत बोट घालून बघत होते, तसा तो हसून म्हणाला, "वैनी, ही घ्या की. करंगळी जात न्हाय हिच्यातनं, मग उंदराचं पिल्लू कुटनं जाईल?" मी करंगळी घालून पाहिली. खरंच जाईना. तीच घेतली.

जाळी ठोकायला दोन दिवस लागले आणि ते दोन दिवस माग बंद राहिला. ह्यांचं काम नीटस असतं, ते मी नाकारत नाही. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं सवणं, चुलीवरचा झरोका, मोरीचं तोंड, सगळीकडे जाळी दुमडून दुहेरी करून बसवली. दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी मारली. मी मागोमाग फिरून प्रत्येक कडेला बोट घालत होते. एका ठिकाणी गेलं, तिथं आणखी दोन खिळे मारायला लावले. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, तुरुंग केलास की घराचा. मी म्हटलं, केला.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी लेंड्या.

त्यानंतरचा आठवडा मी माणसात नव्हते. कोपऱ्यात काही खुट्ट झालं की काठी घेऊन धावायची. झोळी रिकामी ठेवून पोरीला मांडीवर घेऊनच कांड्या भरायची, त्यामुळे अर्ध्या कांड्या सैल निघायच्या आणि मागावर सूत अडकलं की हे नुसते माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, जाळी नीट ठोकली असती तर कांड्याही नीट निघाल्या असत्या. अत्तम्मांवर मी आळ घेतला की त्या मागचं दार उघडं टाकतात. त्या बिचाऱ्या दार लोटून त्याला पाटा टेकवून ठेवायला लागल्या. एका सकाळी नव्या ताण्याचे बोटभर धागे कुरतडलेले निघाले. मी माझी ट्रंक काढली आणि बुधवारच्या गाडीनं जाते म्हणून सांगितलं. ह्यांनी त्यावरही बरं म्हटलं. मग मात्र मला रडू आलं, कारण मला जायचं नव्हतं.

मंगळवारी हे विणलेली लुगडी पोचवायला गेले. मी ट्रंक भरत होते. एक गोष्ट आत टाकायची, दोन बाहेर काढायची. पोर झोपली होती. तेवढ्यात मागाच्या बाजूनं चुर्र असा आवाज आला. मी मागाभोवती फिरले, वर पाहिलं, खाली पाहिलं. खड्ड्यात अंधार होता. आमच्या घरात बायकांनी खड्ड्यात पाय सोडायचा नाही, असा रिवाज. कांड्या भराव्यात, खळ शिजवावी, पण खड्डा विणणाऱ्याचा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचं तेही काठावरूनच. त्यामुळे लग्नानंतरच्या चार वर्षांत मी त्यात कधी डोकावले नव्हते, आणि जाळी ठोकताना आम्हा दोघांना त्याची आठवणही झाली नव्हती. खड्डा म्हणजे माग. तो घराचा भाग आहे, त्याला भिंती आहेत, हे माझ्या आणि ह्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मी भिंतीवरचा आरसा काढला. सवण्यातून उन्हाचा कवडसा पडत होता, तो आरशावर घेतला आणि खड्ड्यात सोडला. विणणाऱ्याच्या बैठकीखालच्या भिंतीला, पट्ट्यांच्या थोडं वर, एक भोक होतं. कडा गुळगुळीत, अगदी घासून घासून झालेल्या. बांबूची काठी आत घातली तर हातभर गेली. काठीच्या टोकाला सुताचा गुंता आला, आणि त्यात पोरीच्या दुपट्याची लाल चिंधी होती.

मला इतका आनंद झाला की मी अत्तम्मांना ओरडून बोलावलं. त्या आल्या, वाकून बघितलं आणि उंबऱ्याशी जाऊन बसल्या. हे परत आले तेव्हा मी दारातच ती चिंधी त्यांच्या हातावर ठेवली आणि खड्ड्यातलं बीळ सापडलं, आत्ताच्या आत्ता जाळी ठोका म्हटलं. हे खड्ड्यात उतरले, बोटांनी त्या जागेवरून हात फिरवला आणि वर न बघता म्हणाले, "हे बीळ नव्हे. ही नान्नांची टाच आहे."

नान्ना म्हणजे वडील. मला वाटलं, ऊन लागलं ह्यांना. पण हे शांतपणे सांगायला लागले. विणताना एक पाय दाबतो तेव्हा दुसऱ्याची टाच कुठंतरी टेकते. वर्षानुवर्षं टेकून तिथली माती झिजते, खोलगा पडतो. ज्याची त्याला ती जागा पायानंच ओळखू येते. बाराव्या वर्षी बापाच्या मागावर बसले तेव्हा ह्यांच्या पायाला हा खोलगा लागला होता. तेव्हापासून ह्यांची टाच तिथंच. खड्डा लिंपताना अंधारात चाचपून तेवढी जागा हे सोडून देत आले होते. डोळ्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती, पायालाच ठाऊक. उंदरांनी मागून पोखरलं असेल तर आत दगड घालतो, म्हणाले, पण वरून जाळी मारणार नाही.

मी म्हटलं, आत दगड घातला तर उंदीर त्याच्या बाजूनं येईल. जाळी बसवायची तर भिंतीवर सपाट, चारी बाजूंनी खिळे मारून. हे नाही म्हणाले. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'नाही' क्वचितच ऐकलं होतं. मी ट्रंकेची कडी लावली. गाडी उद्याची होती, तरी पोरीला काखेत घेतलं आणि ट्रंक उचलली. मला त्या मेलेल्या माणसाच्या टाचेचा संताप आला होता आणि तसा तो आला याची लाजही वाटत होती, पण पोरीच्या अंगठ्यावरची खपली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी दारापर्यंत गेले.

"ती नान्नांची टाच नव्हे," अत्तम्मा म्हणाल्या.

त्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. आमच्या दोघांकडेही न बघता बोलत होत्या. प्लेग ओसरल्यावर झोपडीतून घरी परत आलो, तेव्हा सगळं घर नव्यानं लिंपायला लागलं, म्हणाल्या. पुरुषमाणूस राहिलं नव्हतं. खड्डा तेवढा कसा सोडायचा? म्हणून मीच आत उतरले आणि चारी भिंती लिंपल्या. शेवटी हात फिरवला तेव्हा कुठंही खोलगा नव्हता, भिंत सपाट होती.

हे खड्ड्यातच उभे होते. भिंतीवरचा हात न काढता त्यांनी विचारलं, "लिंपायच्या आधी होता का?"

"कुणी बघितलं? मी रडत रडत लिंपत होते. असेल तर माझ्याच हातानं बुजवला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

अत्तम्मांनी पदरानं नाक पुसलं. "तू मागावर बसायचास नि घटकाभरात उठून पळायचास. सहा महिने तेच. मग एक दिवस म्हणालास, अम्मा, नान्नांची जागा सापडली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उठला नाहीस. मला कळलं, ते उंदराचं काम. पण मी काय सांगणार होते तुला?" मग त्यांनी माझ्या काखेतल्या पोरीकडे बघितलं. "बाळाला चावला त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. धीर झाला नाही."

मी जिंकले होते, आणि मला ते मुळीच नको होतं. ट्रंक खाली ठेवायचीही हिंमत होईना. हे वर आले, उरलेली जाळी घेतली, कात्रीनं दुहेरी तुकडा कापला आणि परत उतरले. आधी दगडाच्या चिपा आत ठोकल्या, मग त्यावर जाळी धरून खिळे मारले. खिळा मातीत धरेना तिथं लाकडाची खुंटी ठोकून तिच्यात मारला. मी वरून आरशानं ऊन देत होते. पोर काखेत वळवळत होती, त्यामुळे उजेड सारखा हलत होता, पण ह्यांनी तक्रार केली नाही.

जाळी बसल्यावर हे वर आले आणि म्हणाले, "अम्मा, लिंपायचं तू."

अत्तम्मांनी माती आणि शेण कालवलं. मुलाचा हात धरून त्या सावकाश खड्ड्यात उतरल्या. जाळीवर मातीचा थर दिला, पाण्याचा हात फिरवून तो सारखा केला. मग तिथंच तळाशी बसून राहिल्या. मला वाटलं त्यांना उठवत नाही, म्हणून मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"ओली आहे तोवर टाच टेक," त्या मुलाला म्हणाल्या.

हे काठावर बसले. पाय आत सोडले. उजवा पाय भिंतीजवळ नेला आणि मध्येच थांबवला. "कुठं?" त्यांनी विचारलं. असं विचारताना ते मला बारा वर्षांचे वाटले.

"तुला बरं वाटेल तिथं," अत्तम्मा म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी ह्यांचं पाऊल धरून ओल्या मातीत दाबलं. खाली जाळी होती, त्यामुळे टाच बोटभरच आत गेली.