सिनेमात नसलेला जावई

सिद्रामअण्णांनी उभ्या आयुष्यात शेकडो सिनेमे पाहिले, पण पूर्ण असा एकही पाहिला नाही. सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये ते डोअरकीपर होते. खेळ सुरू झाला की उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात आत सोडायचं आणि खेळ संपायच्या बेतात असला की दारं उघडायला हजर राहायचं, ही त्यांची ड्यूटी. मधला सगळा वेळ ते बाहेरच्या बाकावर चहा पीत बसत. त्यामुळे नायक-नायिका भेटतात कशी आणि शेवटी त्यांचं होतं काय, हे त्यांना तोंडपाठ असे. मधल्या भानगडींबद्दल विचारलं की म्हणत, "मदलं मला काय म्हाईत न्हाय बगा, बाई. मदलं सगळं सारकंच असतंय."

बाई म्हणजे मी. हायस्कुलात मराठी शिकवते. भवानी पेठेत आमची भिंतीला भिंत होती. अण्णा मूळचे वळसंगचे. बायको लवकर गेली, अश्विनी ही एकुलती एक मुलगी. पुढे टॉकीज बंद पडली, तिथं चादरींचं गोदाम झालं आणि अण्णा घरी बसले. त्यांच्या टीव्हीवर सगळी माणसं हिरवी दिसत, म्हणून संध्याकाळच्या मालिका बघायला ते माझ्याकडे येत. अण्णा जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याइतका मन लावून टीव्ही बघणारा आणि त्यांच्याइतका त्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटलेला नाही. दुसरी गोष्ट चांगली नव्हती, पण तीही त्यांचीच होती.

डोअरकीपर म्हणून त्यांचा एक नियम होता. "बॅटरी पायावर मारायची, तोंडावर न्हाय. अंदारात कोन कुनासंगं आलंय, ते डोअरकीपरनं बगायचं नसतंय." एकदा एका मुलीचा थोरला भाऊ दंडाच्या बेटकुळ्या दाखवत तिला शोधायला टॉकीजवर आला. अण्णांनी त्याला अदबीनं वर बाल्कनीत नेलं, सगळ्या रांगा दाखवल्या आणि तेवढ्यात खाली स्टॉलमधली ती मुलगी आणि तिचा मित्र बाजूच्या दारानं पसार झाले. दुसऱ्या दिवशी तो मित्र अण्णांना पान घेऊन आला. अण्णांनी पान घेतलं नाही. म्हणाले, "फुडच्या टायमाला बाल्कनीत बसा. स्टॉलमदी वळकीची लोकं लई." पोराचा धर्म वेगळा होता, हे अण्णांना माहीत होतं. मला ते त्यांनी पुष्कळ वर्षांनी, अगदी सहज सांगितलं.

परदेशी माणसाच्या प्रेमाबद्दल त्यांची मतं ठाम होती, कारण ती सगळी पडद्यावरून आलेली होती. जुन्या सिनेमातली गोरी बाई म्हणे पहिल्या रिळात क्लबात नाचायची आणि शेवटच्या रिळात दिसायचीच नाही. "मदी तिचं काय झालं म्हाईत न्हाय," अण्णा म्हणत. पुढे दिवस बदलले आणि गोरी बाई शेवटपर्यंत टिकायला लागली, पण एका अटीवर. "विलायतची असू द्या न्हायतर अमेरिकेची. शेवटाला साडी."

एका मालिकेत अशीच गोरी सून आली. माप ओलांडताना तिनं तांदूळ पार देव्हाऱ्यापर्यंत उडवले. आठवडाभरात ती पुरणपोळी शिकली आणि महिन्याभरात अशी आरती म्हणायला लागली की घरची जाऊ तोंडात मारल्यासारखी गप्प. अण्णांचे डोळे भरून आले. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अण्णा, ह्या बाईला एकदा तरी स्वतःच्या आईची आठवण आलेली दाखवलीय का?" अण्णांनी जाहिराती संपेपर्यंत विचार केला. "आई दावली तर तिला बी साडी लागंल की," ते म्हणाले.

गोऱ्या पोराचं काम त्याहून सोपं. त्यानं तिखट खाऊन पाण्यासाठी पळायचं, मोडकं-तोडकं बोलायचं आणि लग्नात धोतर सावरायचं. मग मी एकदा विचारलं, "आणि आफ्रिकेतला काळा माणूस?" अण्णांनी धंद्यातली माहिती द्यावी तसं सांगितलं, "त्यो व्हिलनच्या मागं हुबा ऱ्हातो. हाताची घडी घालून. त्येला डायलॉग नसतोय." यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं नाही. मी चहा टाकायला उठले.

अश्विनी पुण्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. एका रविवारी ती आली आणि मला हाताला धरून त्यांच्या घरी घेऊन गेली. अण्णांसमोर तिनं मोबाइलवरचा फोटो धरला. जोसेफ टांझानियाचा. फार्मसी शिकायला पुण्यात आला आणि तिच्याच दवाखान्याच्या औषध दुकानात नोकरीला लागला. दोघांनी लग्न ठरवलं होतं.

अण्णांनी फोटो पाहिला. मग ते उठले, आमच्याकडे पाठ केली, भिंतीवर एक हात टेकवला आणि जड आवाजात म्हणाले, "आजपासून तुझा बाप मेला असं समज."

अश्विनी टॉकीजच्या फुकट खुर्चीत बसून लहानाची मोठी झालेली. ती म्हणाली, "अण्णा, हा डायलॉग आहे."

"व्हय."

"तुम्ही एरवी 'तुझा' म्हणत नाही, 'तुजा' म्हणता. तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे, ते सांगा ना."

अण्णांनी भिंतीवरचा हात काढला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "माजं मला म्हाईत न्हाय."

"मी लग्न त्याच्याशीच करणार," अश्विनी म्हणाली. "पण तुम्ही पाठ फिरवून उभे असताना नाही करता यायचं मला. केलं, तर परत ह्या घरात येणं व्हायचं नाही माझ्याच्यानं." एवढं बोलून तिनं पिशवी उचलली आणि ती पुण्याच्या गाडीला गेली. अण्णांनी तिला स्टँडवर पोचवायला जायला चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि चपला काढून परत आत आले.

त्यानंतर मालिका बघायला येणं बंद झालं. शेवटी मीच शेंगाचटणी घेऊन त्यांच्याकडे गेले. ते दिव्याशिवाय बसले होते.

"गोरा असता तर?" मी विचारलं.

"गोरा असता तर म्हाईत हाय की काय करायचं. धोतर नेसवायचं." मग थांबून म्हणाले, "ह्येचा सीनच न्हाय, बाई. बापानं काय करायचं, कुटंच दावलेलं न्हाय."

मला राग आला. "लोकांच्या पोरी बाजूच्या दारानं सोडताना कुठं बघितलं होतंत सीन?"

"त्या लोकाच्या पोरी हुत्या," अण्णा म्हणाले.

इतकं खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी एवढंच म्हटलं, की त्याला एकदा घरी तरी बोलवा. अण्णा म्हणाले, "बगायला काय हरकत न्हाय." आणि चटणीत बोट बुडवलं.

जोसेफ यायच्या दिवशी मी सकाळपासून तिथं होते. अण्णांनी पांढरा सदरा घातला. पाय घासून धुतले आणि दिवाणावर पाय पुढे सोडून बसले, म्हणजे पाया पडणाऱ्याला सोयीचं व्हावं. दाराशी अश्विनी आणि तिच्या मागे जोसेफ दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात पुण्याच्या बाकरवडीचा पुडा. आत येऊन तो जरासा वाकला, "शिकामू" म्हणाला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. अण्णांचे पाय तसेच पुढे राहिले.

"पाया पडला न्हाय," अण्णा माझ्याकडे झुकून म्हणाले. टॉकीजमधल्या नोकरीनं त्यांचं हळू बोलणंही मोठं असे.

"अण्णा, आमच्याकडे मोठ्या माणसांना शिकामू म्हणतात," जोसेफ स्वच्छ मराठीत म्हणाला. "म्हणजे, तुमचे पाय धरतो."

"धरलं कुटं?"

"फक्त म्हणायचं. धरायचे नाहीत."

अण्णांनी ह्यावर विचार केला. "बरं हाय. कंबरंला तरास न्हाय." आणि पाय आत ओढून घेतले.

मग अण्णांचा एकेक ठोकताळा कोसळत गेला. मोडकं-तोडकं बोलणं ऐकायची त्यांनी तयारी ठेवली होती, तर हा 'आहे', 'नाही', 'बरं का' करत अगदी पुण्याच्या पेठेतल्यासारखा बोलत होता. "ह्यो लईच बोलतोय," अण्णा मला म्हणाले. तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही. जेवताना त्यांनी पाण्याचा तांब्या मुद्दाम जोसेफच्या जवळ ठेवला आणि शेंगाचटणी सढळ हातानं वाढली. जोसेफनं ती कडक भाकरीबरोबर संपवली आणि आणखी मागितली. त्यांच्याकडे पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात म्हणे. अण्णा तांब्या उचलून स्वतःच पाणी प्यायले.

एव्हाना गल्लीतली दोन-चार माणसं दारात जमली होती. समोरच्या काकूंनी विचारलं, "पाव्हणं खेळाडू हायत का?"

"न्हाय," अण्णा म्हणाले. "औषिदाच्या दुकानातलं हायत." आणि उठून दार लोटून घेतलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "घरची मंडळी काय म्हनत्यात?"

जोसेफनं अश्विनीकडे पाहिलं. "आई नाही म्हणते," तो म्हणाला.

"न्हाय म्हंजे?"

"लग्नाला नाही म्हणते."

अण्णा ताठ झाले. नकार हा मुलीच्या बापाचा हक्क आहे, अशीच त्यांची आजवर समजूत होती. दुसऱ्या बाजूलाही एक माणूस भिंतीला हात टेकून उभं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "आमच्या पोरीत काय कमी हाय?" ते म्हणाले. "शिकल्याली हाय. सोताच्या पायावर हाय. लावा फोन."

मला त्या क्षणी हसू येत होतं. अश्विनीचा चेहरा मात्र उतरला होता. बाप होकाराच्या जवळ आला होता खरा, पण तो भांडायला निघाला होता.

जोसेफनं फोन लावून अश्विनीच्या हातात दिला. पडद्यावर एक धिप्पाड बाई दिसल्या, टांझानियातल्या दारेसलामच्या घरून बोलणाऱ्या जोसेफच्या आई. डोक्याला कापड बांधलेलं, चेहरा कडक. अण्णांनी केसांवरून हात फिरवला, हात जोडले आणि म्हणाले, "शिकामू."

जोसेफनं कपाळाला हात लावला. पलीकडे बाईंनी तोंडावर हात घेतला. "अण्णा, तुम्ही तिच्यापेक्षा मोठे. तुम्ही म्हणायचं नसतं," जोसेफ म्हणाला.

"मी पोरीचा बाप हाय," अण्णा म्हणाले. "पाय धरायचं काम माजंच हाय. सांग त्येंना."

जोसेफनं सांगितलं. बाईंचा चेहरा जरा सैल झाला. मग त्या बोलायला लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. जोसेफ थांबत थांबत आम्हाला मराठीत सांगत होता.

आपल्याकडच्या मालिका तिकडेही त्यांच्या भाषेत लागतात. बाई त्या कित्येक वर्षं रोज बघत होत्या. आपली मोठमोठी घरं, घरातले जिने, दुधात विष कालवणाऱ्या सासवा, सगळं त्यांना माहीत होतं. त्याची भीती नव्हती. वाईट माणसं घरोघर असतात, असं त्या म्हणाल्या. "पण इतकी वर्षं बघते आहे. तुमच्या घरांत इतकी माणसं. गोरी सूनसुद्धा आली. आमच्यासारखं कुणी आत आलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा एक आला होता. तो दाराशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही. माझा मुलगा तुमच्या घरात बसणार कुठे?"

शेवटचं वाक्य सांगताना जोसेफ फरशीकडे बघत होता. अश्विनीनं ओठ दाबून धरले होते.

मला धास्ती वाटली, की आता अण्णा पुन्हा उठतील आणि शेवटच्या रिळातलं काहीतरी जड आवाजात म्हणतील. त्यांच्याजवळ तसलं भरपूर होतं आणि त्यातलं एकही ह्या बाईंना पुरलं नसतं. मी देवाला म्हटलं, ह्या माणसाला आज गप्प ठेव.

अण्णा दिवाणाच्या मधोमध बसले होते. एका अंगाला गाद्यांची वळकटी, दुसऱ्या अंगाला इस्त्रीचे कपडे. त्यांनी कपडे उचलून माझ्या मांडीवर ठेवले.

"ए पोरा," ते जोसेफला म्हणाले, "हिकडं ये. हितं बस."

जोसेफ खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. दिवाण अरुंद, एका माणसाचा. तो कुरकुरला आणि जोसेफ अर्धा काठाबाहेरच राहिला.

"दाव त्येंना," अण्णा अश्विनीला म्हणाले.

अश्विनीनं फोन दोघांसमोर धरला. फोन हलू नये म्हणून मी तिच्या मनगटाला आधार दिला. पलीकडे बाई चष्मा लावून पुढे झुकल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. अण्णाही त्यांच्याकडे सरळ बघत होते. मग बाई एक वाक्य बोलल्या. जोसेफला हसू फुटलं आणि त्याचे डोळेही भरून आले.

"काय म्हनल्या?" अण्णांनी विचारलं.

"ती म्हणते, माझा मुलगा अर्धा बाहेर आहे. त्यांना जरा सरकायला सांग."

अण्णांनी वळकटी खाली लोटली आणि ते सरकले. भिंत लागेपर्यंत सरकले.