सर शिमग्याला गेले तेव्हा

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. चालणं लवकर सुधारलं, बोलणंही घरच्यांच्या दुर्दैवाने पहिल्यासारखं झालं, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. बोटांत खडू धरता यायचा. तो फळ्यापर्यंत न्यायला हात वर जात नव्हता. शाळेने जूनपर्यंत माझी जागा राखली होती. तोवर फळ्यावर लिहिता आलं तर नोकरी, नाहीतर घरी बसायचं.

आमच्या बेव्हर्ली पार्क वसाहतीतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. तिथे दोघं जण. सर रत्नागिरीकडचे, एके काळी कबड्डी खेळणारे. गुडघा कामातून गेला आणि त्यावर उपचार घेता घेता त्यांना हेच शिकावंसं वाटलं. गाव, कबड्डी आणि नव्या रंगीत मोबाइलमध्ये भरलेली भजनं, यापलीकडे त्यांना विषय नव्हता. बोलणं इतकं गोड की माझ्यासारख्या खाष्ट बाईलाही उलट बोलवत नसे. मॅडम उत्तनची, मच्छीमाराच्या घरातली, नुकतीच शिकून आलेली. लहानपणापासून मासळीच्या टोपल्या उचलून दंड भरलेले. रविवारी चर्चमध्ये गायची, एरवी तोंडाने फटकळ. मला ती अजिबात आवडायची नाही. दोन फटकळ बायका एका खोलीत, दुसरं काय होणार?

सर माझ्या कोपराखाली हलकेच हात ठेवायचे. "मी काही करत नाहीये हां, बाई. नुसती सोबत. तुम्हीच उचलताय." आणि हात वर जायचा. दिवाळीनंतर छातीपर्यंत, पुढे खांद्यापर्यंत. घरी एकटीने का जमत नाही, असं विचारलं की म्हणायचे, "घरी अंग आखडतं. इथे मोकळं होतं." मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचाच होता. नवऱ्याने एकदा तिथे उभं राहून पाहिलं आणि लगेच शाळेत सांगून आला, जूनला येतेय म्हणून.

शिमग्याला सर गावी गेले. पालखी घरी येणार म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला कोण अडवणार? माझा व्यायाम मॅडमने घेतला. ती समोर स्टूलवर बसली, स्वतःचे हात मांडीखाली दाबून.

"उचला, टीचर."

"सरांसारखा खाली हात धर ना."

"न्हाय. तुमचा तुम्ही उचला."

मी दात आवळले, घामाने निथळले. खांदा तेवढा वर आला. हात होता तिथेच राहिला.

तिने माझा दंड चाचपला. मग हळू आवाजात म्हणाली, "हातात जोर आलाच न्हाय, टीचर. सरच उचलतात. त्यांना पण माहीत न्हाय."

मी तिला वाटेल ते बोलले. पार पलीकडच्या गोडदेव गावापर्यंत ऐकू गेलं असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे पुसायला आपला रुमाल दिला.

सर परतले. त्यांनी कोपराखाली हात ठेवला, माझा हात वर गेला, आणि मी म्हटलं, "आता काढा." त्यांनी काढला. माझा हात मांडीवर आपटला. त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा सोडला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"देवाशपथ बाई, मला वजन लागतच नव्हतं."

ते मला खरं वाटलं, म्हणूनच जास्त राग आला. खोटारडा असता तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. या भल्या माणसाला मी बरी व्हायला हवी होते, एवढंच. रोज थोडं थोडं जास्त ओझं त्याने स्वतःवर घेतलं होतं आणि आम्ही दोघंही खुशीत होतो.

घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, "शाळेत कळव, मी येत नाही. हात वर जात नाही माझा." तो चहा गाळत होता. गाळणी खाली ठेवून जवळ आला, "काहीतरीच काय!" म्हणाला आणि माझ्या कोपराखाली हात घातला. हात खांद्यापर्यंत गेला.

"हे बघ," तो हसून म्हणाला, "जातोय की."