मंगळवारचा निर्जळी उपास

ऋचाला पाणीटंचाईवरच्या संशोधनाची ती मोठी फेलोशिप मिळणार ती निर्जळी मंगळवारांच्या जोरावर, अशी कुजबुज नवीन पनवेलच्या तिच्या सोसायटीत बरेच दिवस होती. उपास फेलोशिपसाठी नाही, चांगला नवरा मिळावा म्हणून आहे, असाही एक पक्ष होता. लिफ्टमध्ये पोरगी एवढी मान खाली घालून उभी राहते ती उगाच का?

बातमी पसरवली होती खुद्द मातोश्रींनी, म्हणजे आशालताबाईंनी. त्यांना ती भाजीबाजारात कळली. तिथे रानभाज्या विकणारी शुक्री म्हणाली, "तुमची ताई आमच्या वाडीवर येतं ना, लय कडक उपास करतं. पान्याचा थेंब घेत नाय." आता मंगळवारी सकाळी ऋचा आम्लेट खाऊन निघते हे आशालताबाईंना पक्कं ठाऊक, अंडी त्याच फोडत. पण लेकीची कीर्ती आपल्या पायांनी चालत आलेली. तिला दारातून परत पाठवणं त्यांच्याच्याने झालं नाही.

फेलोशिप दोन टप्प्यांची होती. आधी इथल्या एखाद्या वस्तीतलं पाणी आणि संडास यांचा अभ्यास; तो पसंत पडला तर पुढे परदेश. ऋचाने कोन गावापलीकडची कातकरी वाडी निवडली; दर मंगळवारी तिथे जायचं ठरलं. तिथे पाणी टँकरने टाकीत ओतलेलं, आणि सरकारी संडासांत पाणी नसल्याने लाकूडफाटा रचलेला.

पहिल्याच मंगळवारी शुक्रीने हंड्यात तांब्या बुडवून पुढे केला. "घे ताई, उन्हाची आलीस."

ऋचाने तांब्याकडे पाहिलं, हंड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज माझा उपास आहे. निर्जळी."

झालं. एकदा धरलेला उपास पुढच्या मंगळवारी सोडायचा कसा? उकळून गाळलेल्या पाण्याची बाटली पिशवीच्या तळाशी असायची. परतताना रिक्षा वळणाआड गेली की बाईसाहेब घटाघटा प्यायच्या.

ऋचाचं काम म्हणजे टाकीपाशी बसून पाहायचं, कोण किती भरतं, कोण किती पितं. तिला एक विलक्षण गोष्ट दिसली. बाया भर उन्हात हंडे वाहायच्या, पदराने मान पुसायच्या, पण पाणी कुणीच प्यायची नाही. तिने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. संडास नाही, आडोसा नाही, म्हणून या बाया दिवसा पाणीच टाळतात. तिचे मार्गदर्शक चारुदत्त सर खूश झाले. "हे सोनं आहे, ऋचा. याच्यावर तू जाणार."

मग वैशाखातल्या एका मंगळवारी शुक्रीची सून रूपा टाकीजवळ मटकन बसली. सातवा महिना, डोळ्यांपुढे अंधारी. घाबरून ऋचाने पिशवीतली बाटली काढली. "पी आधी."

रूपाने तोंड फिरवलं. "तुमच्यासमोर कसं पिऊ ताई? तुमचा उपास ना."

"म्हणजे?"

"सासूनं समद्यांना सांगून ठेवलंय. उपासाच्या मानसासमोर कोनी पानी तोंडाला लावायचं नाय." मग तिची नजर बाटलीवर गेली. "ही कशाला मंग?"

"संध्याकाळी सोडायला," ऋचा म्हणाली. एवढं होऊनही ती हेच म्हणाली.

घरी आल्यावर आईने वाढलेलं ताक बाजूला ठेवून तिने ते प्रकरण पुन्हा वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, "ते प्रकरण काढून टाका. माझ्यामुळे त्या पीत नव्हत्या."

"तुझ्यामुळे म्हणजे? तू काय केलंस?"

"निरीक्षणात चूक झाली," एवढंच तिला म्हणवलं. प्रकरण गेलं, परदेश गेला. सोसायटीत म्हणू लागले, कुठल्यातरी मंगळवारी पाणी प्यायली असणार.

निकाल लागल्यावरच्या मंगळवारी ती वाडीवर गेली ती खरं सांगायला. पण शुक्रीनेच आधी विचारलं, "पावला का गो देव?"

"नाही. परदेशी जायचं दुसऱ्या कुणाला मिळालं."

शुक्रीचा चेहरा उतरला. ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, रागवू नको. रूपा त्या दिशी घरामागं जाऊन पानी प्यायली. तुझी रिक्षा अजून हुबी होती. पोटुशी पोर, तिला दम निघंना. तिच्यानंच इघ्न आलं असंल."

रूपा दारात उभी होती, अपराध्यासारखी.

ऋचाला वर पाहवेना. "उपास नव्हताच, शुक्रीताई. कधीच नव्हता."

शुक्रीने तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, ओरडली नाही. "मंग आमच्या घरचं पानी का नाय प्यालीस?"

ऋचाने पिशवी उचलली आणि रिक्षाकडे वळली. सोसायटीत आजही कुणी त्या उपासाचं विचारलं की ती लिफ्टमध्ये मान खाली घालते.

तिला शुक्रीच्या हंड्यातल्या पाण्याची किळस आली होती.