बाद झालेल्यांना टॉवेल-टोपी

आमच्या मल्हाररावांचा पहिला धंदा शेळ्यांनी बुडवला, आणि खरं सांगते, त्यात शेळ्यांची काडीची चूक नव्हती.

ॲपचं नाव ‘शेळी दारात’. मोबाइलवर फोटो बघा, बोट ठेवा, शेळी टेम्पोनं घरी. पसंत पडली नाही तर आठ दिवसांत परत. ही परत घ्यायची अक्कल ह्यांचीच. म्हणलं, “अहो, शेळी म्हणजे काय चप्पल आहे का?” तर म्हणाले, “मोनिका, गिऱ्हाइकाचा विश्वास कमवायचा असतो.” कमवला की! धाराशिवपासून परंड्यापर्यंत ज्याच्या घरात बाळंतीण आली, त्यानं दुभती शेळी मागवली, आठ दिवस दूध काढलं आणि ‘लेकरांना रंग आवडला न्हाय’ म्हणून परत पाठवली. बोकडाचं तर विचारूच नका. तो एका गावाहून आला की दोन दिवस नुसता आडवा. आणि हे त्याच्या पाठीवरनं हात फिरवत विचारणार, “दमलास का रे?” माझं असं डोकं फिरायचं!

धंदा बसला. शेळ्या विकल्या, ऑफिसची पाटी उतरवली, ती न्हाणीघराची खिडकी झाकायला कामी आली. मी इथं धाराशिवला कोर्टात टायपिंग करते, म्हणून चूल पेटत राहिली. पण हा माणूस दिवसदिवस फॅनकडं बघत पडून राहायचा, ते मला बघवत नव्हतं. मी मुद्दाम भांडण काढायची, तर भांडायलासुद्धा उठत नव्हता.

आणि एक दिवस ताडकन उठून बसले. “मोनिका, लाइव्ह गेम शो!”

रोज संध्याकाळी सातला हे ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर फेटा बांधून दिसणार. प्रश्न विचारणार, खाली दोन उत्तरं येणार, दहा सेकंदांत एकावर बोट ठेवायचं. चुकला तो बाद. शेवटी उरेल त्याला मिक्सर. ॲप करणार ह्यांचे चुलतभाऊ कुमारभावजी. शेळ्यांचं ॲपही त्यांनीच केलं होतं, आणि ते एकदाही बंद पडलं नव्हतं. बाकीचं सगळं पडलं. खेळाचं नाव ठरलं ‘ठेवा बोट’.

ही बातमी तुळजापूरला माझ्या वडलांपर्यंत गेली. आप्पा म्हणजे बिराप्पा, बसस्टँडजवळच्या लॉजचे मालक. आप्पा दुपारच्या एसटीनं हजर. जावयाला मान देऊनच बोलतात, पण त्यांचा तो मान अंगावर येतो.

“पाव्हणं,” म्हणाले, “आधी शेळ्या, आता प्रश्न. तुमास्नी धंदा जमत न्हाय, ह्यात लाजायचं काय? माझ्या काउंटरला बसा. यात्रेकरू आला की किल्ली द्यायची, गेला की घ्यायची.”

“आप्पा, एकदा बघू द्या,” हे म्हणाले.

“शनिवार-रविवार, दोन दिवस बघा. चालला का पडला, ते मी ठरवणार. पडला तर सोमवारी काउंटर. उचला बेल-भंडारा!”

आणि ह्या भोळ्यानं देव्हाऱ्यातला बेल-भंडारा उचलून शपथ घेतलीसुद्धा! भंडारा उचलल्यावर आमच्यात मागं फिरता येत नाही. मला लॉजचं वावडं नव्हतं, तिथंच लहानाची मोठी झाले मी. पण एकदा का हा माणूस काउंटरला बसला, की परत कधी असा ताडकन उठून बसणार नाही, हे मला आतून कळत होतं. शिवाय ‘खोली शिल्लक न्हाय’ हे वाक्य त्याच्या तोंडातून आलंच नसतं. काउंटरवरसुद्धा गादी टाकून कुणाला तरी झोपवलं असतं.

शनिवारी सात वाजता खेळ सुरू झाला. खेळायला कोण? सगळा गोतावळा. पहिला प्रश्न: बेडूक पाणी कशानं पितो, तोंडानं की कातडीनं? झाडून सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवलं. उत्तर होतं कातडी. प्रत्येकाचा मोबाइल लालभडक झाला आणि त्यातून ह्यांचा आवाज आला, “बाद! चला, उठा!” तो आवाज कुमारभावजींनी आधीच भरून ठेवला होता, वरून शिट्टीही जोडली होती.

पाचच मिनिटांत परंड्याहून ह्यांच्या गुंडाप्पामामांचा फोन. “तुझ्या वरातीत गुडघा दुखत असताना नाचलो म्या! आन भर लोकांत मला उठा म्हणतोस? एका बेडकापायी?”

मग दुसरे काका, मग आत्याबाई. एक मावसभाऊ तर म्हणाला, घरच्या वास्तुशांतीला यायचं कारण नाही. सगळ्यांत शेवटी, न खेळता नुसतं बघत बसलेल्या आप्पांचा फोन. एकच वाक्य. “पाव्हणं, सोमवारी दाढी करून या.”

हे फेटा न काढताच भिंतीला टेकून बसले. परत फॅनकडं बघायला लागले, आणि माझा ताबा सुटला.

“बघा, बघा फॅनकडं! अहो, कुणाला तोंडावर बाद म्हणतात का? लग्नात एखाद्या वेळी भात कमी पडला तर चालतो, मानपान कमी पडलेला चालतो का? एवढी माणसं दुखावलीत, आता द्या एकेकाला टॉवेल-टोपी!”

मी रागानं बोलले होते. पण ते खरंच उठले आणि कपाटावरचं लग्नाकार्यातल्या आहेराचं गाठोडं खाली काढलं. म्हणलं, करा काय करायचं ते, आणि मी कणीक मळायला गेले.

रविवारी संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर दोघं. ह्यांच्या हातात माइक, शेजारी पाटावर कुमारभावजी, पुढ्यात टोप्यांची चळत. प्रश्न आला. पहिलाच माणूस चुकला, ते गुंडाप्पामामाच. ह्यांनी लग्नमंडपातला आवाज लावला.

“परंड्याचे प्रगतशील बागायतदार, आमचे सन्माननीय मामा श्रीयुत गुंडाप्पा यांनी चुकीचं उत्तर देऊन खेळाची शोभा वाढवली आहे. टॉवेल, टोपी, श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होत आहे. मामांच्या वतीनं कुमार स्वीकारतील!”

भावजींच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. पुढचा बाद, वर दुसरी टोपी. नाव, गाव, कुणाचे कोण, सगळं तालासुरात. गाठोडं संपलं तशा त्याच टोप्या काढून परत घालायला लागले, पण बघणाऱ्याला कुठं कळतंय?

आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की बाद झालं की आपलं नाव अख्ख्या जिल्ह्यात ऐकू जातं.

पुढचा प्रश्न: परंड्याचा किल्ला कुठं आहे, परंड्यात की पॅरिसमध्ये? अहो, एकजात सगळ्यांनी पॅरिस! किल्ल्याच्या भिंतीला टेकून मोबाइल धरलेल्यांनीसुद्धा पॅरिस. आधी बाद झालेले मामा फोन करून विचारत होते, परत बाद व्हायला काय करावं लागतं? लोक एकमेकांना सांगून बोलवत होते, “ये लवकर, चुकायचंय.” कुमारभावजींचं टॉवेलांच्या ढिगातनं फक्त नाक दिसत होतं, ते मधूनमधून शिंकत होतं.

फक्त एकच जण उरला. ‘काउंटर दोन’ असं नाव लावलेला कुणीतरी. ह्यांचा घसा तोवर पार बसला होता. कसंबसं म्हणाले, “काउंटर दोन, तुम्ही जिंकलात, मिक्सर न्या.” आणि खेळ बंद केला.

सोमवारी सकाळी हे दाढी करून, पिशवी भरून बसले होते. शपथ ती शपथ. मी तोंड फुगवून डबा भरत होते. तेवढ्यात आप्पाच दारात.

पाणी दिलं, घेतलं नाही. मग चहा घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही, तेव्हा मी ओळखलं, राग खरा आहे.

“काउंटर दोन कोण, ठाऊक हाय का पाव्हणं?” आप्पा कडाडले. “म्या! गावच्या उंडग्यांना टोपी, आन सासऱ्याला मिक्सर? ना नाव, ना गाव. सकाळी लॉजवरचा पोऱ्या मला त्येचा सत्कार सांगतोय! अरे, त्येचा?”

“पण आप्पा, तुम्ही चुकलाच नाहीत,” हे घाबरत म्हणाले.

“चुकू कसं? जे खरं हाय तिथंच बोट जातंय माझं!”

हे मात्र खरं. आप्पा जन्मात कधी ‘माझं चुकलं’ म्हणाले नाहीत. रस्ता चुकले तरी गाव सरकलं म्हणतात. आता तेच आप्पा खुर्ची ओढून बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “आज परत खेळ लावा. पहिल्या प्रश्नाला मला बाद व्हायचंय. शिकवा कसं चुकायचं ते. मग सांगतो, चालला का पडला.”

दिवसभर आमच्या घरात चुकायची शिकवणी. मी कोर्टातून आले तरी चालूच. “आप्पा, सूर्य कुठं उगवतो?” “पूर्वेला.” “तसं नव्हं आप्पा, पश्चिमेला म्हणायचं.” “आन सूर्यानं ऐकलं तर?”

सात वाजायला आले तसे हे स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, “मोनिका, आप्पांसाठी एकदम सोपा प्रश्न काढलाय. डोळे झाकून बाद होतील.”

हे आणि भावजी आतल्या खोलीत गेले. बाहेर आप्पा चष्मा लावून, मोबाइल मांडीवर घेऊन, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघतेय. प्रश्न आला.

‘मल्हारला धंदा जमतो का? व्हय की न्हाय?’

मला एकदम भरून आलं, आणि रागही आला. असा कसा हा माणूस! स्वतःचंच हसं करून सासऱ्याला टोपी द्यायला निघाला. खाली आकडे पळत होते. न्हाय, न्हाय, न्हाय. अख्खा जिल्हा टोपीसाठी ‘न्हाय’ दाबत सुटला होता.

आप्पांचा अंगठा सरळ ‘न्हाय’कडं गेला. तेच तर ते इतकी वर्षं म्हणत आले होते. अंगठा तिथं थांबला. सेकंद उतरत होते. मग तो अंगठा हळूच बाजूला सरकला आणि ‘व्हय’वर टेकला.

मोबाइल हिरवा झाला.

“आप्पा!” मी ओरडले. “तुमची टोपी गेली!”

“गप बस,” आप्पा म्हणाले. “चुकीच्या उत्तरावर बोट ठेवता येत न्हाय मला.”

आतून ह्यांचा नावं पुकारायचा आवाज येत होता. मग पडद्यावर उरलेलं एकटं नाव त्यांना दिसलं असावं. “काउंटर दोन…” म्हणाले, आणि माइक खाली ठेवल्याचा आवाज आला. मी तर पदर तोंडाला लावून रडतच होते.

“आता तुला काय झालं?” आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. “लॉजवर फोन लाव, मोने. म्हणावं, काउंटरला दुसरा माणूस बघा.”