नुसतं पाणी फवारणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम शेतात दोन पंप घेऊन यायच्या. एकात औषध, दुसऱ्यात नुसतं पाणी. सोयाबीनच्या काही ओळींवर औषध मारून झालं की शेजारच्या ओळींवर तेवढंच मन लावून पाणी मारायच्या, आणि ते चालू असताना कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही. लातूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई तोंडाला फडकं बांधून पिकावर पाणी उडवतेय, ही करमणूक फुकटची होती. बांधावर माणसं जमायची. मॅडमचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पाणीवाल्या मॅडम म्हटलं की भागायचं.

मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो आणि घागरी वाहायचं काम माझ्याकडे होतं. "पानी कशाला मारायलाव मॅडम?" असं कुणी विचारलं की त्या पंप खाली ठेवून समजावत. पीक औषधानं वाचलं की आपोआप, हे कळायला शेजारी बिनऔषधाचं पीक लागतं. ओलावा दोघांना सारखा मिळावा म्हणून हे पाणी. लोक मान हलवायचे आणि त्यांची पाठ वळली की हसायचे. माझं टाळकं सटकायचं. त्या मात्र पुढच्या गावातही तेच, त्याच शब्दांत सांगायच्या.

औषध मुळात माहूरच्या डोंगरातल्या अंतमुळाच्या वेलीचं. तिच्यातलं एक द्रव्य विषाणूला पानात वाढू देत नाही, पण जसंच्या तसं फवारलं तर ते उन्हात टिकत नाही आणि वर पान भाजतं. म्हणून मॅडम त्याच्या रेणूचा एक तुकडा काढून तिथं दुसरा जोडायच्या. "वेलीनं ते स्वतःच्या मापाचं शिवलंय," त्या म्हणायच्या, "सोयाबीनला घालायचं तर उसवून परत शिवावं लागतं." हे उसवणं-शिवणं महिनोन्महिने चालायचं. पोतंभर पाल्यातून चिमूटभर पूड निघायची आणि ऐन वेळी लाईट गेली की तीही नासायची. अशा वेळी मॅडम कुणाला काही बोलत नसत. काचेची भांडी काढून घासत बसत. आमच्या लॅबमधली भांडी कायम लख्ख असायची, यावरून काय ते समजा.

खरी डोकेफोड पुढेच होती. सोयाबीनवर पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग आला की पानं हळदीसारखी होतात आणि शेंगा भरत नाहीत. तो पसरवते पांढरी माशी, त्यामुळे शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "माशी मरती का?" मॅडम प्रामाणिकपणे नाही म्हणायच्या. शिवाय रोग यायच्या आधी, पीक हिरवंगार असतानाच हे औषध मारायचं होतं. धडधाकट पिकाला औषध आणि तेही माशी न मारणारं! मी म्हणायचो, मॅडम, थोडं फुगवून सांगा. त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मी गप्प घागर उचलायचो.

पहिल्या वर्षी हिमायतनगरजवळ माझ्या मामांच्या शेतात प्रयोग केला. आमची पाठ वळताच मामांनी उरलेलं औषध पाण्याच्या ओळींवरही मारून टाकलं. "त्या वळींनी काय पाप केलतं?" असं त्यांनी मलाच विचारलं. पुढच्या वर्षी दुसरं गाव धरलं, तर तिथं रोगच आला नाही. गाव खुशीत होतं आणि मॅडम हिरव्यागार शेतात रडवेल्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. पीक चांगलं आलं म्हणून दुःखी झालेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

तिसरं शेत शिरूर अनंतपाळकडच्या अनसूयाकाकूंचं. त्यांचे मालक एसटीत, शेत त्याच बघायच्या. मॅडमनी सांगितलेलं सगळं काकूंनी पाळलं. पाण्याच्या ओळींना औषधाचा थेंब लागू दिला नाही. आणि त्या वर्षी रोग आला. पाण्याचे पट्टे पिवळे पडले आणि औषधाचे पट्टे त्यांना खेटून हिरवे राहिले. मॅडम बांधावर बसल्या आणि पट्टे पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या. येत्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. पैसा देणाऱ्या समितीनं हे एकदा डोळ्यांनी बघितलं की काम पुढं जाणार होतं, नाहीतर बंद पडणार होतं. मॅडमनी काकूंना एवढंच सांगितलं, आठ दिवसांनी मोठी माणसं शेत बघायला येणार आहेत.

आम्ही समितीला घेऊन पोचलो तेव्हा अंगणात रांगोळी होती, चुलीवर पुरण शिजत होतं. शेत तर असं देखणं की काय सांगू. एक पिवळं पान औषधाला सापडत नव्हतं. पाहुणे येणार, मॅडमच्या शेतात रोगट झाडं कशी दिसू द्यायची, म्हणून काकूंनी आदल्या दिवशी बाया लावून पिवळी झाडं मुळासकट उपटून जनावरांना घातली होती. मोकळ्या पट्ट्यांवर कोळपं फिरवून माती सारखी केली होती. मी मोबाइलमधले फोटो दाखवू लागलो. अध्यक्ष म्हणाले, हे शेत कुठलं हे कशावरून? इथं मुळात पेरलं होतं की नव्हतं, हे तरी कसं लिहायचं? म्हटलं, काकूंना बोलावतो, त्यांनाच विचारा. तर म्हणे, तोंडी सांगणं धरता येत नाही. धरता येत नाही तर नाही, पण पुरणपोळ्या मात्र सगळ्यांनी धरल्या.

मॅडमनीही दोन खाल्ल्या. काकू वाढत होत्या आणि विचारत होत्या, "झालं ना मॅडम मनासारखं?" मॅडम हो म्हणाल्या. गाडीत बसल्यावर माझा बांध फुटला. निदान त्या बाईला सांगायचं तरी, तिनं काय करून ठेवलंय ते! मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घर सारवलं तसं तिनं शेत सारवलं. माझी लाज राखायला केलं रे. तिला काय सांगू, माझं सगळं उपटलंस म्हणून?" लॅबमध्ये आल्यावर त्यांनी भांडी काढली. ती स्वच्छच होती. त्यांनी ती पुन्हा घासली.

काम बंद पडलं. मॅडम निवृत्त झाल्या, नांदेडला भावाकडे राहायला गेल्या, आणि मागच्या हिवाळ्यात वारल्या. मला अजूनही त्या समितीचा राग येतो, काकूंचा येतो, आणि तोंडात मूग धरून बसलेल्या मॅडमचा तर सर्वांत जास्त येतो.

काकू मात्र दर पेरणीला मला फोन करतात, मॅडमचं औषध आलं का विचारायला. मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. यंदा सहन झालं नाही. म्हटलं, काकू, ते औषध येणार नाही. ते चालतं हे कुठं सिद्धच झालं नाही.

"आसं कसं?" काकू म्हणाल्या. "म्या माज्या हातानं उपटलंय की. समदं पिवळं पान्याच्या वळीतच व्हतं. औषधाच्या वळीत हुडकून बी एक घावलं न्हाई."

लगेच पुढं म्हणाल्या, "त्या पाव्हण्यांचा नंबर द्या मला. म्या सांगते त्यांना."