सगळ्या डब्यांत एकच शेवाळ

हिचं तोंड दुधाने कधी पोळलं नाही, तरी ही ताक फुंकून पिते, असं तिचा नवरा म्हणायचा. प्रयोगशाळेत तर तिला पाठीमागे ‘शंकाबाई’च म्हणत.

मिठाने पांढऱ्या पडलेल्या खारवट आणि चोपण जमिनींत कोणकोणते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ते निळसर हिरवं शेवाळ, तग धरतात हे शोधणं तिचं काम. शेताशेतातली माती डब्यांतून आणायचा तिचा धाकटा दीर. प्रयोगशाळेची गाडी तोच चालवायचा.

डबे वेगवेगळ्या शेतांतले, पण ती माती घातलेल्या प्रत्येक काचेच्या चंबूत उगवलं एकच शेवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर तेच ते सुटे, सरळ धागे. तिच्या मनात पाल चुकचुकली. भावोजींनी रस्त्याकडेच्या एकाच खड्ड्यातून सगळे डबे भरले असणार.

जेवताना तिने खडा टाकला. “खाडीकडच्या शेतात कुत्री फार आहेत म्हणे, भावोजी?”

“कुत्री? मला नाही दिसली.”

झालं. गेलेच नाहीत, तर दिसतील कशी?

पुढच्या खेपेला ती बसने त्याच्या आधीच खाडीवर पोहोचली आणि बांधाआड दबा धरून बसली. गाडी आली. दीर उतरला, भर उन्हात गुडघे टेकून चमच्याने मातीची पापडी खरवडू लागला. थोडं इथलं, थोडं तिथलं. डब्याचं झाकण लावून, मान वर न करताच तो म्हणाला, “वहिनी, ऊन लागेल. गाडीत बसा.”

ती गाडीत जाऊन बसली. पुढच्या प्रत्येक शेतात तो उतरला, ती काचेतून बघत राहिली.

माणूस खरा ठरला, तेव्हा तिची शंका स्वतःकडे वळली. शेवाळ वाढवायला ती सगळ्या चंबूंत एकच खुराक घालत होती, गोड्या पाण्यातला. खाऱ्या मातीत जन्मलेल्यांना तो कसा मानवणार? त्यात जे तगलं, तेच सगळीकडे पसरलं होतं. तिने पुन्हा मांडणी केली. ज्या शेताची माती, त्या शेताइतकाच खार पाण्यात घातला.

काही आठवड्यांनी एका चंबूत मण्यांच्या माळा दिसल्या, दुसऱ्यात चिकट आवरणातले गोल गोळे, तिसऱ्यात एकमेकांत गुंतलेले जाड, तपकिरी धागे. तिने दिराला बोलावून सगळं दाखवलं.

त्याने एकेक नमुना भिंगातून शांतपणे पाहिला. “म्हणजे मी खरंच हिंडत होतो म्हणायचं.”

“चुकलं माझं, भावोजी.”

तेव्हापासून प्रत्येक शेतातून तो फोटो पाठवू लागला: हातात डबा, मागे पांढरी जमीन. नका पाठवू, म्हणून तिने किती सांगितलं.

“असू दे, वहिनी. तुमची शंका फिटली की बंद करतो.”

तिला ते लागलं. तरी फोटो आला की ती मोठा करून, मागची झाडं ओळखीची आहेत का, ते बघतेच.