निजलेलं पाणी

खुटबावच्या स्टेशनात गाडी थांबते न थांबते तोच सुटते. तेवढ्यात आईनं माझ्या हातात बुटांचा खोका कोंबला. काळे, चामड्याचे, दौंडच्या बाजारातून खास आणलेले. "पायलट झालीस, आता तरी पायात नीट घालून फिर," ती म्हणाली. वडील, म्हणजे आबा, खोक्याकडेही बघत नव्हते आणि माझ्याकडेही. रुळांकडे बघत त्यांनी विचारलं, "पाण्यावर जमीन नसती पोरी. तू टेकणार कशावर?"

उत्तर द्यायच्या आत गाडी हलली.

मी निघाले होते मालदीवला, समुद्रावर उतरणारी विमानं चालवायला. तिथे पहिल्याच दिवशी कळलं की या विमानांचे पायलट बूट घालतच नाहीत. ओल्या धक्क्यावरून ये-जा, त्यामुळे सगळे अनवाणी. फोनवर हे ऐकून आईनं कपाळाला हात लावला असणार. "रानात अनवाणी फिरू नको म्हणून जलमभर वरडले, आन् तू इमानात अनवाणी?" बूट अजून खोक्यातच आहेत.

गावात राहिलेल्या माझ्या सोबत्यांनो, आणि शिक्रापूरला खोल्या घेऊन, कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्ट करून रमलेल्यांनो, माझं काम तुम्हाला थापा वाटतं हे मला ठाऊक आहे. मलाही रोज सकाळी तसंच वाटतं. आपल्याकडे पाटाचं पाणी पाळीनं येतं, एका पाळीवरून भावाभावांत बोलणं बंद होतं. इथे पाण्याला बांधच नाही. झाडाला आळं करावं तशी गोल गोल बेटं, आणि त्यांच्या मधून उजेड खालून वर येतोय असं वाटतं. टेकऑफ घेताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. कोपायलट हसतो, हसू दे.

आबांना मात्र यातलं काहीच पटत नव्हतं. प्रत्येक फोनला एकच पालुपद, पक्की धावपट्टी असलेली नोकरी बघ. शेवटी एकदा चिडून म्हणाले, "मी येतो. पटलं तर राहा, न्हाईतर माझ्यासंगं माघारी चल." मीही रागाच्या भरात कबूल म्हणाले. फोन ठेवला आणि मग आपण काय कबूल केलं ते उमगलं, कारण आबांना दिलेला शब्द मी कधी मोडलेला नाही.

आबा आले. विमानाच्या दारात त्यांनी देवळात काढाव्यात तशा चपला काढल्या आणि अगदी माझ्या पाठीमागच्या सीटवर बसले. आमच्या विमानात पायलट आणि प्रवाशांच्या मधे दार नसतं. माझे हात, माझे पाय, सगळं त्यांना दिसत होतं.

आणि नेमका त्या दिवशी वारा पडलेला. उतरायच्या जागी आलो तर समुद्रावर एक सुरकुती नाही. खाली ढग, वर ढग, पाणी कुठे सुरू होतं तेच दिसेना. असं पाणी फसवतं. अजून अंतर आहे असं वाटतं आणि विमान आदळतं. मागून आबांचा आवाज आला, "पोरी, पाणी निजलंय."

हे शब्द माझे ओळखीचे. विहीर दारात आहे, पोरीला पोहता आलंच पाहिजे म्हणून त्यांनी माझ्या पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून मला पोहायला शिकवलं. सकाळी विहिरीत नुसतं आभाळ दिसायचं. मी काठावरून उडी टाकायला गेले की ते दंड धरायचे. "निजल्या पाण्यात उडी न्हाई. आधी ढेकूळ टाक, पाणी हालू दे, मंग जा."

इथे टाकायला ढेकूळ नव्हतं. मी वळून विमान बेटाच्या काठाशेजारी आणलं, नाक जरा वर धरलं आणि इंजिनाच्या जोरावर हळूहळू, अगदी हळूहळू खाली सोडत राहिले. पाण्याकडे बघितलंच नाही. बाजूनं वाळू सरकत होती, नारळ सरकत होते.

"टेकलं का?" आबांनी विचारलं.

"कवाच."

धक्क्यावर उतरल्यावर ते त्या पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "तू खाली बघतच नव्हतीस."

"निजल्या पाण्याकडं बघायचं न्हाई, आबा. काठाकडं बघायचं. आपण किती उंच हाय ते काठच सांगतो."

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "मंग राहा," ते म्हणाले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

घर म्हणजे कधीतरी परत जायची जागा, असं मी वर्षानुवर्षं समजत आले. आता मला ते काठासारखं वाटतं. त्याच्यावर उतरायचं नसतं, पण त्याच्याकडे बघूनच उतरता येतं. धावपट्टीचं पालुपद आबांनी सोडलंय. सकाळी फोन करतात आणि एवढंच विचारतात, "काठ दिसतोय नव्हं?"

समोर वाळू असते, नारळ असतात. मला मात्र आमची विहीर दिसते आणि माझा दंड धरून उभे असलेले आबा.

"दिसतोय," मी म्हणते, आणि विमानाकडे अनवाणी चालू लागते.